पडदा पुसण्याआधी

जुन्या, डब्यासारख्या मॉनिटरचा पडदा जाड काचेचा असे. खिडकीची तावदानं पुसावीत तसा तो पुसला, तरी सहसा काही बिघडत नसे. आजच्या बहुतेक एलसीडी मॉनिटरला दर्शनी काच नसतेच. तिथे प्रकाश गाळणारी प्लास्टिकची फिल्म असते आणि तिच्यावर चकाकी मारणारा किंचित खरबरीत थर. काच पुसण्याच्या द्रवातल्या अमोनियाने किंवा अल्कोहोलने हा थर डागाळू शकतो. असा डाग मग जात नाही.

फिल्मच्या मागचा द्रवस्फटिकांचा थर जेमतेम काही मायक्रॉन, केसाहून कितीतरी बारीक. बोट दाबल्यावर रंग पसरतात, ते स्फटिकांची रचना विस्कटल्यामुळे. म्हणून हट्टी डागावर जोर करणं हा शुद्ध आडमुठेपणा.

मॉनिटर बंद करून थंड होऊ द्यावा. काळ्या पडद्यावर धूळही नीट दिसते. आधी कोरडं मायक्रोफायबर कापड, डाग राहिलाच तर तेच जरासं ओलसर. टिश्यू पेपरने ओरखडे उठू शकतात. फवारा पडद्यावर कधीच नको, ओघळ खालच्या कडेतून आतल्या जोडण्यांपर्यंत पोहोचतो. बोअरच्या जड पाण्याने क्षारांचे पांढरे ठिपके उरतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर घरात असेल, तर तेच वापरावं.