भोपाळची भाची आणि घरातले टोमणे

मंडळी, बंदीच्या दोन महिन्यांत आपण जाळी दुरुस्त करतो आणि पोटंही वाढवतो. हसण्यावारी नेऊ नका.

आमच्यातली एक भाची भोपाळला, मोठ्या तलावाजवळ दिलीय. रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. चार महिने पोरगी तलावाकाठी चालली, भात कमी केला. पण ताटावर बसली की सासरचे म्हणायचे, "एवढं चालून उपयोग काय?" माहेरी आली तर आपण, "वाळलीस गं, अजून एक तुकडी घे!" शेवटी रडली आणि चालणं सोडलं. चूक आपलीही.

2014 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने पन्नाशीपुढच्या 2,944 माणसांचा चार वर्षांचा हिशेब मांडला. वजनावरून कमी लेखल्या गेलेल्यांचं वजन सरासरी 0.95 किलोने वाढलं, बाकीच्यांचं 0.71 किलोने घटलं. लाज वाटली की माणूस लपून खातो, चारचौघांत चालायला जात नाही.

आता भाचीचा नवरा संध्याकाळी तिच्यासोबत चालतो, वजनाचा विषय काढत नाही. सासूबाई मासळी तळण्याऐवजी कालवण करतात, सगळ्यांसाठीच. तीन किलो उतरलंय. आईचा फोन मात्र अजून तोच: "पोटभर जेवलीस ना?"