डुलणारा घोडा : दुखणे मानेत, दिसते कमरेत

सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा माळेगावच्या बाजारात घोडा घेताना लोक दात पाहून वय ठरवतात, उंची मोजतात, रंग आणि भोवरे पाहतात, थोडे पळवून चाल पाहतात. घोड्याला लहानशा गोलात सावकाश फिरवून पाहणारे गिऱ्हाईक मात्र क्वचितच दिसते. सरळ दौडीत ठीक वाटणारा एखादा घोडा अशा वळणावर मागच्या पायांनी डगमगतो, पायात पाय अडकवतो. घरी आणल्यावर हा दोष लक्षात आला की ‘कमरेत कमजोर आहे’ असे निदान होते. मग तेल चोळणे, चंदी वाढवणे आणि शेवटी कमरेवर डाग देणे असे उपाय सुरू होतात. अशा घोड्यांपैकी बऱ्याच जणांचा दोष कमरेत नसून मानेच्या मणक्यांत असतो.

घोड्याची मान एवढी लांब असली तरी तिच्यात मणके सातच असतात, माणसाच्या मानेत असतात तेवढेच. प्रत्येक मणक्याच्या मधोमध पोकळी असते आणि या पोकळ्यांच्या बोगद्यातून मेंदूकडून येणारा मज्जारज्जू जातो. मणक्याचा आकार बिघडला, सांध्याचे हाड वाढले किंवा मान वाकवताना दोन मणके एकमेकांवरून सरकले की हा बोगदा अरुंद होतो आणि मज्जारज्जू दाबला जातो. मागच्या पायांकडे जाणारे मज्जातंतू रज्जूच्या बाहेरच्या भागात असल्याने दाब पहिल्यांदा त्यांच्यावर येतो. त्यामुळे दुखणे मानेत असून लक्षण मागच्या पायांत दिसते. इंग्रजीत या विकाराला ‘वॉब्लर’, म्हणजे डुलणारा, असे म्हणतात.

हा विकार दोन वयांत आढळतो. पहिला प्रकार शिंगरांत आणि तरुण घोड्यांत, साधारण सहा महिने ते तीन वर्षे या वयात दिसतो. उंच, झपाट्याने वाढणारी नर शिंगरे याला अधिक बळी पडतात आणि शर्यतीच्या थरोब्रेड जातीत तो जास्त दिसतो. काही रक्तात तशी प्रवृत्ती असते. त्यात भरमसाट चंदी घालून वाढ आणखी रेटली आणि तांबे, जस्त यांसारख्या खनिजांचा तोल बिघडला, की हाडांची घडण चुकते. शिंगरू लवकर मोठे दिसावे, भाव चांगला यावा म्हणून चंदीचा मारा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. दुसरा प्रकार उतारवयातला. मानेच्या खालच्या टोकाचे, म्हणजे पाचव्या ते सातव्या मणक्यांमधले सांधे झिजतात, सुजतात आणि त्यांचे हाड वाढते. आपल्याकडे मानेला पट्टा बांधून फिरणारी माणसे असतात, त्यांच्याच जातीचे हे दुखणे.

यात एक फरक समजून घेतला पाहिजे. नुसता मज्जारज्जू दाबला गेला असेल तर घोड्याला वेदना होतेच असे नाही. तो खातो-पितो, अंगाने भरलेला असतो, फक्त आपला पाय कुठे पडतो आहे हे त्याला कळत नाही. म्हणून मालकाला तो आळशी किंवा हट्टी वाटतो आणि चाबूक खातो. याउलट सांधा सुजलेला असेल तर मान दुखते. असा घोडा जमिनीवरचा चारा खायला मान खाली नेत नाही, एका बाजूला लगाम वळवून घेत नाही, खोगीर घालताना अंग चोरतो, कधी पुढच्या पायाने लंगडतो आणि पायात मात्र काहीच सापडत नाही.

घरच्या घरी पाहण्यासारख्या काही खुणा आहेत. मऊ, सपाट जमीन निवडावी आणि जाणता मोतद्दार हाताशी ठेवावा, कारण डुलणारा घोडा अंगावर पडू शकतो. घोड्याला लहान गोलात दोन्ही बाजूंना फिरवावे. दोष असेल तर बाहेरच्या बाजूचा मागचा पाय फार लांबून फिरतो किंवा दुसऱ्या पायावर पडतो. मागे सरकवल्यास तो पाय घासतो किंवा जागेवर अडून राहतो. डोके वर धरून उतारावरून आणल्यास डगमग वाढते. चालता चालता शेपटी बाजूला ओढली तर निरोगी घोडा लगेच सावरतो, आजारी घोडा ओढला जातो. मागच्या नाला पुढच्या टोकाला झिजलेल्या आहेत का, तेही पाहावे. या खुणा दिसल्या तर त्या दिवसापासून घोड्यावर कोणी बसू नये, त्याला टांग्यालाही जुंपू नये. वरातीच्या घोड्यावर नवरदेवाबरोबर लहान मूल बसवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, हे वेगळे सांगायला नको.

डुलणारा प्रत्येक घोडा मानेचा रोगी मात्र नसतो. आपल्या भागात आधी सर्रा वगळावा लागतो. मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या या रोगात अधूनमधून ताप येतो, जनावर खंगते, पोटाखाली आणि पायांवर सूज येते आणि मागचा भाग झोलतो. रक्त तपासून तो ओळखता येतो आणि त्यावर औषध आहे. दुसरा कुमरी. गाई-म्हशींच्या पोटात राहणाऱ्या एका जंताची बारीक पिल्ले डासांमार्फत घोड्याच्या अंगात शिरतात आणि वाट चुकून मज्जारज्जूत पोचतात. म्हणून गोठा आणि तबेला एकाच छपराखाली असेल तर डासांचा बंदोबस्त महत्त्वाचा. तिसरा पिसाळ, म्हणजे रेबीज. डगमग दोन-चार दिवसांत झपाट्याने वाढली, लाळ गळू लागली, पाणी गिळता येईना, तर घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नये. लाळ जखमेला लागली किंवा घोडा चावला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच सरकारी दवाखाना गाठून लस घ्यावी.

मानेचे निदान क्ष-किरण चित्रावर आणि गरज पडल्यास मणक्यांच्या पोकळीत औषध सोडून घेतलेल्या चित्रांवर होते. नुसत्या चित्रावरून मात्र घोडा बाद करू नये. सहाव्या मणक्याच्या खालच्या बाजूला हाडाचे दोन पाखे असतात. काही घोड्यांत त्यांतला एक किंवा दोन्ही जन्मतःच नसतात. 2014 नंतर परदेशात या दोषाची बरीच चर्चा झाली आणि खरेदीपूर्वी अशी चित्रे मागण्याची प्रथा वाढली. पण पुढच्या अनेक पाहण्यांत हा दोष असलेले कितीतरी घोडे बिनतक्रार काम करताना आढळले. आमच्या मते चाल आणि चित्र ही दोन्ही जुळली, तरच त्यावर विश्वास ठेवावा.

उपचारांत लहान शिंगराची चंदी तोडून मोजका चारा, खनिजे आणि बंदिस्त जागेत विश्रांती दिल्यास काही शिंगरे सुधारतात. सुजलेल्या सांध्यात सोनोग्राफीच्या मदतीने इंजेक्शन देतात, त्याने दुखणे कमी होते. शस्त्रक्रियाही आहे. अमेरिकेत 1977 साली तिथल्या तीन मोठ्या शर्यती जिंकणारा ‘सिॲटल स्ल्यू’ उतारवयात असाच डुलू लागला. एप्रिल 2000 मध्ये त्याच्या मानेत धातूची जाळीदार नळी बसवून दोन मणके सांधले गेले आणि तो पुन्हा पैदाशीच्या कामाला लागला. मार्च 2002 मध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी 7 मे रोजी, पहिली मोठी शर्यत जिंकल्याला बरोबर पंचवीस वर्षे होत असताना, तो मेला. ही नळी जॉर्ज बॅग्बी या अस्थितज्ज्ञांनी तयार केली होती. घोड्यांवर यश आल्यावर तिची सुधारित आवृत्ती माणसांच्या कमरेच्या मणक्यांसाठी आली आणि 1996 साली तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. जनावरांकडून माणसांकडे आलेले औषधोपचार असे थोडेच.

पण चेंगरलेला मज्जारज्जू पूर्ववत होत नाही. पशुवैद्य डुलण्याची तीव्रता शून्य ते पाच अशी मोजतात. शस्त्रक्रियेने साधारण एक-दोन पायऱ्यांची सुधारणा होते आणि त्यालाही वर्षभर लागू शकते. दोष नवा असेल तेवढी आशा अधिक. त्यामुळे डाग देण्यात महिना घालवण्यापेक्षा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी रक्त तपासून घ्यावे. तिथून चिठ्ठी घेऊन मुंबई, शिरवळ, परभणी, उदगीर किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जावे. निघण्यापूर्वी फोन करून मोठ्या जनावराच्या मानेचे क्ष-किरण चित्र निघते का, हे विचारावे. डगमगणाऱ्या घोड्याला गाडीत चढवणे हेच मोठे जोखमीचे काम असते.