कागदावर नसलेली फौज

२७ जून २०२३ रोजी रशियाचे अध्यक्ष व्लादिमिर पुतिन यांनी मॉस्कोत सैनिकांसमोर वॅग्नर गटाच्या खर्चाचा हिशेब जाहीर केला. मे २०२२ ते मे २०२३ या एका वर्षात या गटाच्या पगार-भत्त्यांवर सरकारी तिजोरीतून ८,६२६ कोटी रूबल गेले होते. सोळा दिवसांनी ‘कोमेरसांत’ या दैनिकात त्यांची मुलाखत छापून आली. खासगी लष्करी संघटनांसाठी आपल्याकडे कायदा नाही, तेव्हा वॅग्नर अस्तित्वातच नाही, असे त्यांनी तीत सांगितले. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी होती. वॅग्नरची सारी मेख तिथेच आहे.

बेकायदा, म्हणूनच मुठीत

रशियाच्या फौजदारी संहितेचे ३५९वे कलम भाडोत्री सैनिकगिरीला गुन्हा ठरवते. ते निव्वळ शोभेचे नाही. २०१३ मध्ये हाँगकाँगला नोंदलेल्या ‘स्लाव्हिक कोअर’ या कंपनीने माजी रशियन सैनिकांना सीरियात नेले. तेलक्षेत्रांवर पहारा द्यायचा, असे त्यांना सांगण्यात आले होते. ऑक्टोबरमध्ये अल-सुखनाजवळ मार खाऊन ही तुकडी परतली, तेव्हा मायदेशी तिच्या दोन म्होरक्यांना अटक झाली आणि पुढे याच कलमाखाली शिक्षाही झाली.

त्याच मोहिमेतला एक जण मात्र वर चढत गेला. दिमित्री उत्किन हा लष्करी गुप्तचर खाते ‘जीआरयू’च्या विशेष दलातला निवृत्त लेफ्टनंट कर्नल. ‘वॅग्नर’ हे त्याचे बिनतारी संदेशांतले सांकेतिक नाव. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि पूर्व युक्रेनमध्ये लढाई पेटली. तिथे आपले सैनिक नाहीत, असे मॉस्को जगाला सांगत होते. लढायला माणसे तर हवी होती. ती उत्किनच्या फौजेने पुरवली. तिचा तळ क्रास्नोदार प्रांतातल्या मोल्किनोत, जीआरयूच्या दहाव्या ब्रिगेडला लागून उभा राहिला. डिसेंबर २०१६ मध्ये क्रेमलिनमधल्या वीर-सत्कार समारंभाला उत्किन हजर होता. कलम तेच, काम तेच; एकाच्या वाट्याला तुरुंग आला, दुसऱ्याच्या वाट्याला मेजवानी. फौज बेकायदा ठेवल्याने तिची मानगूट कधीही धरता येईल, हा सत्तेचा हिशेब होता.

कंत्राटदार

पैशाच्या व्यवहाराला मात्र वेगळा माणूस लागत होता. येवगेनी प्रिगोझिन लेनिनग्राडचा. चोरी-लुटीच्या गुन्ह्यांत नऊ वर्षे तुरुंगात काढून तो १९९० मध्ये सुटला आणि हॉट डॉगच्या गाड्यांवरून आलिशान रेस्टॉरंटांपर्यंत पोहोचला. सेंट पीटर्सबर्गमधल्या त्याच्या तरंगत्या रेस्टॉरंटात पुतिन यांनी जाक शिराक आणि जॉर्ज बुश यांना जेवू घातले. पुढे शाळा आणि लष्कराच्या जेवणाची कंत्राटे त्याच्या ‘कॉन्कॉर्ड’ उद्योगसमूहाकडे आली. वॅग्नरशी आपला संबंध नाही, असे तो आठ वर्षे सांगत राहिला; तसे लिहिणाऱ्या पत्रकारांना त्याने कोर्टात खेचले. सप्टेंबर २०२२ मध्ये मात्र, १ मे २०१४ रोजी ही फौज आपणच उभी केली, असे त्याने स्वतः जाहीर केले.

कानावर हात

नामानिराळे राहण्याची किंमत कोण मोजतो, हे ७ फेब्रुवारी २०१८च्या रात्री सीरियात दिसले. देर अझ-झोर प्रांतात खशामजवळच्या एका गॅस प्रकल्पापाशी अमेरिकी सैनिक होते. सीरियाच्या सरकारी बाजूचे सुमारे ५०० जण रणगाडे आणि तोफा घेऊन त्यांच्यावर चालून आले. त्यांत वॅग्नरचेही लोक होते. यामागे तेलाचे अर्थकारण होते. प्रिगोझिनशी जोडलेल्या ‘एव्ह्रो पोलिस’ कंपनीने सीरियाशी करार केला होता: सोडवून दिलेल्या तेल आणि वायू क्षेत्रांतल्या उत्पादनाचा चौथा हिस्सा तिचा. अमेरिकी अधिकाऱ्यांनी थेट संपर्कवाहिनीवर रशियन लष्कराला विचारले. ही माणसे आमची नाहीत, असे उत्तर आले. त्यानंतर काही तास विमाने आणि तोफा त्यांच्यावर आग ओकत होत्या. आपले पाच नागरिक बहुधा मेले, एवढेच रशियन परराष्ट्र खात्याने मान्य केले. इतर अंदाज कित्येक पटींनी मोठे होते.

आफ्रिकेत हाच धंदा अधिक फळला. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकावर शस्त्रबंदी होती. २०१७च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांनी रशियाला तीतून सवलत दिली आणि काही आठवड्यांतच १७५ प्रशिक्षक तिथे पोहोचले. त्यांतले लष्करी फक्त पाच, उरलेले १७० ‘नागरी’. राष्ट्राध्यक्ष तुआदेरा यांच्या अंगरक्षणाची जबाबदारी वॅग्नरने घेतली. एनदासिमाची सोन्याची खाण, इमारती लाकूड, अगदी बीअरसुद्धा तिच्याशी जोडलेल्या कंपन्यांकडे गेली. मोझांबिकच्या काबो देल्गादोतून मात्र २०१९ मध्ये काही महिन्यांतच माघार घ्यावी लागली. मालीत वॅग्नरचे लोक २०२१च्या अखेरीस आले. मार्च २०२२ मध्ये मौरा गावात मालीचे सैनिक आणि त्यांच्यासोबतच्या ‘परदेशी लष्करी व्यक्तीं’नी पाच दिवसांत किमान ५०० माणसे मारली, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने नोंदवले. त्या परदेशी व्यक्तींच्या देशाचे नाव अहवालात नाही.

डोईजड

युक्रेनवरच्या चढाईनंतर पडदा ठेवण्याची गरज उरली नाही. प्रिगोझिन तुरुंगातुरुंगात फिरला: सहा महिने लढा, जगलात तर माफी. अशी माफी फक्त अध्यक्षच देऊ शकतात, आणि ती गोपनीय हुकमांनी दिली गेली. अमेरिकेच्या अंदाजाने चढाईनंतर आलेल्या हिवाळ्यात वॅग्नरकडे ५०,००० माणसे होती आणि त्यांतले ४०,००० कैदी. मे २०२३ मध्ये युक्रेनचे बाख्मुत शहर पडले. त्या लढाईत आपली २०,००० माणसे गेली, असे प्रिगोझिननेच सांगितले.

जूनमध्ये संरक्षण मंत्रालयाने सर्व स्वयंसेवक तुकड्यांना १ जुलैपर्यंत करारावर सह्या करायला सांगितले. सही म्हणजे स्वतंत्र फौजेचा शेवट. २३ जूनच्या रात्री प्रिगोझिनने बंड पुकारले, सकाळी रोस्तोवमधले लष्करी मुख्यालय ताब्यात घेतले आणि त्याचा एक ताफा मॉस्कोपासून सुमारे २०० किलोमीटरवर पोहोचला. वाटेत रशियाचीच हेलिकॉप्टरे आणि एक इल्युशिन-२२ विमान पाडले गेले. बेलारूसचे अध्यक्ष लुकाशेन्को यांनी मध्यस्थी केली आणि बंडाचा गुन्हा मागे घेतला गेला. दोन महिन्यांनी, २३ ऑगस्टला, प्रिगोझिन आणि उत्किन यांचे विमान त्वेर प्रांतात कोसळले. दहाही जण ठार. मृतदेहांत हातबाँबचे तुकडे सापडल्याचे पुतिन यांनी ऑक्टोबरमध्ये सांगितले.

बंड कायद्याने मोडले नाही, कारण कायदा कधी वापरलाच नव्हता. हिशेब-तपासणी, लष्करी न्यायालय, संसदेतला प्रश्न ही फौजेला आवरणारी साधने असतात. वॅग्नर जन्मली तीच टाळण्यासाठी. जून २०२५ मध्ये तिने माली सोडल्याचे जाहीर केले आणि संरक्षण मंत्रालयाचे ‘आफ्रिका कोअर’ तिथे राहिले. यापुढे कुठल्याही देशाच्या ‘खासगी’ फौजेची बातमी वाचाल, तेव्हा चार प्रश्न विचारा: पगार कुठल्या तिजोरीतून येतो, तळ कुणाच्या शेजारी आहे, माफीवर सही कुणाची आहे आणि खाणीचा वाटा कुणाला मिळतो? उत्तरे एकाच दाराशी नेत असतील, तर त्या फौजेच्या प्रत्येक गोळीचा जाब त्याच दारी मागायला हवा.