हापूसचे नाव आणि गिऱ्हाइकाचा विश्वास

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर गोव्याकडे जाणारा महामार्ग जुन्या मुंबई-पुणे मार्गापासून वेगळा होतो. चैत्र-वैशाखात कोकणातील हापूसच्या पेट्या याच वाटेने मुंबईच्या बाजारपेठेकडे जातात आणि त्यांपैकी काहींची विक्री रस्त्याच्या कडेलाच होते. वाटसरू थांबतो, पेटीवरील नाव वाचतो आणि पैसे मोजतो. आतील फळ कसे आहे हे त्यास घरी आंबा पिकून चिरल्यावरच कळते. तात्पर्य, गिऱ्हाईक प्रथम नाव विकत घेते आणि मग आंबा. म्हणून झाडाची निगा राखावी तितक्याच दक्षतेने नावाचीही निगा राखणे अगत्याचे आहे.

न दिसणारे नुकसान

पूर्वी एखादी पेटी वाईट निघाली तर तिची वार्ता आळीपुरती राही. आता तसे राहिलेले नाही. पेटी मागविण्यापूर्वी अनेक गिऱ्हाइके बागेचे किंवा विक्रेत्याचे नाव भ्रमणध्वनीवर शोधतात व वर दिसणाऱ्या चार-सहा ओळी वाचून निर्णय घेतात. जो मजकूर पुष्कळ लोक वाचतात व ज्याचा उल्लेख इतरत्रही होतो, तो शोधात वर येण्याचा संभव अधिक असतो. समाधानी गिऱ्हाईक बहुधा मुकाट्याने आंबा खाते. फसलेले मात्र लिहिते, आणि त्याचे लिहिणे लोक उत्सुकतेने वाचतात. त्यामुळे एका हंगामातील तक्रार पुढील हंगामातही वरच दिसत राहते.

तक्रार घेऊन दारी आलेल्या गिऱ्हाइकाची समजूत घालता येते. परंतु तक्रार वाचून जे परस्पर दुसरीकडे वळले, त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. मागणी का घटली हे बागायतदारास उमगत नाही आणि तो दोष हवामानास किंवा दलालास देतो.

नाव सर्वांचे, तोटाही सर्वांचा

ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. पनवेल तालुका रायगड जिल्ह्यात असल्याने येथील बागायतदारही या नावाचा वाटेकरी आहे. मात्र सामायिक विहिरीत एकाने घाण टाकली तर पाणी सर्वांचेच नासते. परप्रांतीचा आंबा कोकणचा म्हणून विकला गेला, अथवा कच्चे फळ घाईने पिकविले गेले, तर गिऱ्हाईक एका विक्रेत्यास नव्हे, हापूसलाच दूषण देते.

याचा मोठा धडा २०१४ साली मिळाला. भारतातून गेलेल्या काही मालात फळमाशी व इतर किडी आढळल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा व चार भाज्यांची आयात थांबविली. ज्यांच्या फळांत एकही अळी नव्हती, त्यांनाही ती बाजारपेठ बंद झाली. नंतर उष्णजल प्रक्रिया आणि निर्यातीपूर्वीची काटेकोर तपासणी यांची व्यवस्था बसविण्यात आली. तेव्हा २०१५ च्या आरंभी, ठरलेल्या मुदतीपूर्वीच, आंब्यावरील बंदी उठविण्याचा निर्णय झाला. गेलेले नाव जाहिरातीने परतले नाही. दोष दूर केल्याने परतले.

बागायतदारांनी काय करावे?

१. फळ सुमारे ८५ टक्के तयार झाल्यावर देठासह झेल्याने काढावे. काढलेली फळे तापलेल्या जमिनीवर न ठेवता लगेच सावलीत न्यावीत. फळ अति तयार होऊ दिल्यास साक्याचे प्रमाण वाढते. साका बाहेरून दिसत नाही. म्हणून तो गिऱ्हाइकाच्या ताटातच प्रकट होतो आणि प्रामाणिक विक्रेताही लबाड ठरतो.

२. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवू नयेत. त्यास कायद्याने बंदी आहे. आढीत नैसर्गिकरीत्या पिकवावीत किंवा नियमानुसार इथिलीन वायूचा वापर करावा.

३. पेटीवर गाव, बागायतदाराचे नाव, काढणीची तारीख व संपर्क क्रमांक लिहावा. भौगोलिक मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी करून घ्यावी.

४. तक्रार आल्यास त्याच दिवशी दखल घ्यावी. फळ खरोखर खराब असेल तर बदलून द्यावे किंवा पैसे परत करावेत. तक्रार जेथे लिहिली गेली तेथेच, केलेल्या भरपाईचा उल्लेख करून नम्रपणे उत्तर द्यावे. पुढील वाचक तक्रारीबरोबर उत्तरही वाचतो.

५. तक्रार खोटी असल्यास हमरीतुमरीवर येऊ नये. काढणीची तारीख, पावती व छायाचित्र यांच्या आधारे खुलासा करावा.

६. आप्तेष्टांकडून खोटी स्तुती लिहवून घेऊ नये. ग्राहकांच्या अभिप्रायांत कृत्रिमता येऊ नये यासाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले आहे. शिवाय खोटी स्तुती उघडकीस आली तर खरी स्तुतीही खोटी वाटू लागते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हंगामापूर्वी गावातील बागायतदारांची एक बैठक घ्यावी. गावाचे, संस्थेचे व बागांचे नाव मराठीत आणि इंग्रजीत शोधून जे दिसेल ते सर्वांसमक्ष वाचावे. त्यातील खऱ्या तक्रारी वेगळ्या काढाव्यात. दोष काढणीचा, पिकविण्याचा, बांधणीचा की वाहतुकीचा, हे ठरवून तो कोणी व केव्हापर्यंत दूर करावयाचा याची नोंद करावी. हंगाम संपल्यावर तीच नोंद पुन्हा पाहावी.

हापूसचे कलम लावल्यावर भरघोस फळ हाती येण्यास बरीच वर्षे वाट पाहावी लागते. नावाचेही तसेच आहे. मात्र ते घालविण्यास एक पेटी पुरते, हे पेटी बंद करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी ठेवावे.