कुबेरनागा आणि चार झोपड्या

धरमपेठेतल्या माझ्या खोलीवर इतिहासाचे विद्यार्थी येत असतात. त्यांच्यातला एकजण परवा म्हणाला, "सर, गुप्तांच्या घरात नागांची मुलगी राणी होती. म्हणजे ती आपलीच ना?"

या प्रश्नामागची तहान मी ओळखतो. दीक्षेसाठी नागपूरच का, हे सांगताना १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांनी बौद्ध धर्माचा प्रसार केल्याचे सांगितले. तेव्हापासून 'नाग' हा शब्द आमच्या कानाला निराळा लागतो. म्हणूनच उत्तर जपून दिले पाहिजे.

कुबेरनागा ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची राणी. गुप्तांच्या राजवंशावळीत नाव येते ते ध्रुवदेवीचे, कारण गादी तिच्या मुलाला, कुमारगुप्ताला मिळाली. कुबेरनागेचे नाव टिकले ते विदर्भामुळे. तिची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाला दिलेली. नवरा वारल्यावर मुले लहान म्हणून तिने नंदिवर्धनाहून, म्हणजे आजच्या रामटेकजवळच्या नगरधनाहून, कारभार पाहिला. तिच्या पुणे आणि रिद्धपूर ताम्रपटांत आईचा उल्लेख नागकुलात जन्मलेली असा आहे. सासरचे गोत्र बाजूला ठेवून तिने माहेरचे धारण गोत्रच सांगितले. मुलीने लिहवले नसते तर आई इतिहासातून पुसली गेली असती.

पण पुढे काय? चंद्रगुप्ताचा बाप समुद्रगुप्त. गणपतिनाग, नागसेन यांसारख्या राजांना त्याने उखडल्याची नोंद अलाहाबादच्या स्तंभावर आहे. पुढच्याच पिढीत नागांची मुलगी गुप्तांच्या घरात येते, तेव्हा त्या लग्नात राजकारणाचा वास येतो. ती राजकुळातली होती. ती बौद्ध होती असे सांगणारे एक अक्षरही या ताम्रपटांत नाही. प्रभावती तर स्वतःला भगवंताची परमभक्त म्हणवते. नुसत्या नावावरून नाते जोडणे ही प्रस्थापितांची जुनी रीत आहे. आपण ती कशाला उचलायची?

मी त्या विद्यार्थ्यापुढे रिद्धपूरचा ताम्रपट ठेवला. प्रवरसेनाच्या १९ व्या राज्यवर्षातला, रामगिरीच्या स्वामीच्या पायांशी दिलेला. त्यात ब्राह्मणांना शेत दिले आहे, सोबत घर आणि कर्षकांच्या चार झोपड्या. कर्षक म्हणजे शेत कसणारे. दान देणारीचे नाव आहे, तिच्या बापाचे आहे, आईचे आहे. कसणाऱ्यांचा नुसता आकडा आहे: चार.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, या चौघांना कुणी विचारले असेल का?"

हा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे. राणीचे नाव तिच्या मुलीने राखले. या चौघांच्या मुलींकडे तांबेही नव्हते आणि अक्षरही नव्हते. आज अक्षर आपल्याकडे आहे. राजवंशात आपले मूळ शोधण्याआधी त्या चार झोपड्यांच्या दारात जाऊन उभे राहावे, एवढेच मला म्हणायचे आहे.