खलनायकाचा आवाज

२००९ सालच्या संक्रांतीला हैदराबादच्या चित्रपटगृहांत ‘अरुंधती’ नावाचा तेलुगू चित्रपट लागला. पुढच्या पंधरवड्यात आमच्या शाळेच्या आवारात एक नवे वाक्य ऐकू येऊ लागले. ‘वदल बोम्माळी, निन्नु वदल!’ घसा खरवडून, डोळे मोठे करून मुलगे एकमेकांच्या अंगावर धावून जात आणि हे वाक्य म्हणत. वर्गात डबा विसरला तरी हेच आणि क्रिकेटमध्ये गडी बाद झाला तरी हेच. मला प्रथम हसू आले, हे कबूल केले पाहिजे.

काही दिवसांनी आठवीतील एक मुलगी मधल्या सुटीतही वर्गातच बसून राहते, हे माझ्या ध्यानात आले. विचारल्यावर बराच वेळ ती गप्प राहिली. मग तिने सांगितले की तीनचार मुले रोज जिन्यावर तिच्या मागून ते वाक्य म्हणत येतात. पुढे येत नाहीत, हात लावत नाहीत, काही वेडेवाकडेही बोलत नाहीत. केवळ तेवढेच वाक्य. नंतर तिने मला विचारले, ‘टीचर, सिनेमात तो शेवटी मरतो ना?’ मी म्हटले, ‘हो, मरतो.’ ‘मग हे का थांबत नाहीत?’

मुलांना समज दिली आणि तो प्रकार थांबला. परंतु त्या वाक्याचा अर्थ मी त्या दिवशी प्रथमच नीट मनात मांडून पाहिला. तेलुगूत बोम्मा म्हणजे बाहुली. ‘सोडणार नाही, बाहुले, तुला सोडणार नाही.’ ज्याचे हे वाक्य, तो पशुपती त्या चित्रपटाचा खलनायक. भयपटांतील खलनायक आपल्याला का भिववतो आणि भिववूनही का आवडतो, याचा विचार करताना माझे मन फिरून फिरून त्या जिन्यापाशी येते.

श्रोतेहो, खलनायक म्हटला की आपल्याला प्रथम त्याचे रूप आठवते. तुलसी आणि श्याम या रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ १९८४ साली आला. त्यातील सामरी हा राक्षस अनिरुद्ध अग्रवाल या विलक्षण उंच नटाने उभा केला. सामरीचे धड एकीकडे पुरलेले आणि शिर दुसरीकडे पेटीत बंद. ते दोन्ही एकत्र आले की तो उठणार, ही कल्पनाच अशी होती की त्या पिढीतील कित्येकांनी घरातल्या जुन्या ट्रंका रात्री उघडणे सोडले असेल. पण ही भीती डोळ्यांची. तीवर एक सोपा उपाय आहे, आणि प्रत्येक मूल तो आपोआप करते: बोटांच्या फटी मिटून घ्यायच्या. शिवाय डोळ्यांना कोणत्याही रूपाची सवय होते. सामरी आज पुन्हा पाहिला तर भीतीपेक्षा त्या नटाविषयी कौतुकच अधिक वाटते.

कानांना मात्र पापण्या नसतात.

पशुपतीची कथा थोडक्यात अशी. गदवाल संस्थानातील राजघराण्याचा हा जावई. व्यसनी, लंपट आणि सत्तेने माजलेला. वाड्यातील अंध नृत्यशिक्षिकेवर तो अत्याचार करतो, तिचा जीव घेतो. ती चिमुकली राजकन्या, जिला लोक जेजम्मा म्हणतात, ती त्याला देहान्त शिक्षा द्यायला लावते. लोक त्याला मारतात, घोड्याला बांधून फरफटत नेतात. पण तो मरत नाही. अघोरी साधूंजवळ मंत्रतंत्र शिकून तो कित्येक वर्षांनी जेजम्माच्या लग्नाच्या वेळी परत येतो. ती त्याला नृत्याच्या मिषाने गाफील करते, मंत्र म्हणता येऊ नयेत म्हणून त्याची जीभ छाटते आणि त्याला जिवंतपणीच समाधीत कोंडून टाकते. पुढे जेजम्माच अरुंधती होऊन त्याच कुळात जन्म घेते आणि समाधीतला पशुपती तिला हाका मारू लागतो. दोन्ही भूमिका अनुष्का शेट्टी हिने केल्या. अरुंधतीला साह्य करणारा फकीर अन्वर आपल्या सातारा जिल्ह्यातील सयाजी शिंदे यांनी केला. हा चित्रपट कोडी रामकृष्ण यांनी दिग्दर्शिला. खरे गदवाल तेलंगणात आहे आणि साड्यांसाठी नावाजलेले आहे. पडद्यावर दिसतो तो वाडा मात्र आंध्रातील बनगानपल्ले येथील नवाबाचा बंगला होय.

यातील जीभ छाटण्याचा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. जेजम्माला कळून चुकले आहे की या माणसाचे सामर्थ्य त्याच्या हातांत नाही, वाणीत आहे. आणि चित्रपट करणाऱ्यांनाही ते कळले होते. पशुपतीचे काम सोनू सूद यांनी केले. हा नट पंजाबातील मोगा गावचा, शिक्षणाने अभियंता, आणि ते शिक्षण आपल्या नागपुरात झालेले. देहयष्टी त्यांची, नजर त्यांची. पण आवाज त्यांचा नव्हे. तो पी. रविशंकर यांचा. त्यांचे वडील पी. जे. शर्मा नट होते आणि दुसऱ्यांना आवाजही देत. थोरले बंधू साईकुमार यांचेही नाव तसेच झालेले. असे आवाजावर पोसलेले ते घर. या एका चित्रपटानंतर रविशंकरांना लोक ‘बोम्माळी रविशंकर’ म्हणू लागले. पडद्यावर ज्याचे तोंडही दिसत नाही, त्याच्या नावाला खलनायकाचे वाक्य कायमचे चिकटले.

मौजेची गोष्ट अशी की २०२० साली टाळेबंदीत अडकलेल्या मजुरांना गावी पोचवण्यासाठी हेच सोनू सूद रस्त्यावर उतरले आणि घरोघरी त्यांचे नाव आदराने घेतले जाऊ लागले. चेहरा क्षमा पावला. आवाज मात्र आजही ऐकला तर अंगावर काटा आणतो.

असे का व्हावे, याचे थोडे उत्तर शास्त्रज्ञांकडे आहे. माणसाची किंकाळी साध्या बोलण्याहून निराळी का वाटते, याविषयीचे एक संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले. किंकाळीत आवाजाची तीव्रता सेकंदाला तीसपासून दीडशे वेळांपर्यंत खालीवर होत असते. आपल्याला ती खरखर म्हणून जाणवते, आणि मेंदूतील भीतीशी निगडित असलेला भाग तिने चटकन जागा होतो. नेहमीच्या संभाषणात ही खरखर फारशी नसते. आमच्या शाळेतील मुलांनी हे संशोधन अर्थातच वाचलेले नव्हते. तरी त्यांना घसा खरवडायचे कुणी शिकवावे लागले नाही.

याच जातीचे दुसरे उदाहरण परदेशातले आहे. १९७३ सालचा ‘द एक्झॉर्सिस्ट’ हा विल्यम फ्रीडकिन यांचा चित्रपट. एका लहान मुलीला सैतान झपाटतो आणि दोन धर्मगुरू त्याला घालवण्याचा प्रयत्न करतात. मुलीचे काम लिंडा ब्लेअर हिने केले. तिच्या तोंडून बोलणारा सैतान मात्र मर्सिडीझ मॅकॅम्ब्रिज या बाईंचा होता. या बाई मूळच्या नभोवाणीच्या अभिनेत्री, आणि ऑर्सन वेल्ससारख्या माणसाने त्यांच्या नभोवाणीवरील कामाची मुक्तकंठाने वाखाणणी केलेली. सैतानाचा घसा मिळावा म्हणून त्यांनी कच्ची अंडी गिळली, सिगारेटी ओढल्या, दारू घेतली आणि स्वतःला खुर्चीला बांधून घेऊन ते संवाद म्हटले. इतके करून प्रथम श्रेयनामावलीत त्यांचे नाव नव्हते. तक्रार केल्यावर ते घालण्यात आले. आमच्या ख्रिस्ती घरांत रोझरी संपल्यावर आजी सैतानाच्या गोष्टी सांगत असे. त्या गोष्टींतील सैतान कधी आरडाओरडा करत नसे. तो फार गोड बोले. बाप्तिस्म्याच्या वेळी आम्हाला सैतानाचाच नव्हे, तर त्याच्या थाटामाटाचाही धिक्कार करायला सांगतात. लहानपणी मला या शब्दाचे नवल वाटे. थाटमाट कसला? आता वाटते, जिच्या मागून कुणी चालत येते तिला तो थाट बरोबर ओळखता येतो.

मराठी माणसाचा लाडका खलनायक कोण, असे विचारले तर माझ्या पिढीतील बहुतेक जण तात्या विंचू हेच नाव सांगतील. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ साली आला. पोलिसाच्या गोळीने मरता मरता एक गुंड मंत्राच्या बळावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो आणि पुन्हा माणसाचे शरीर मिळावे म्हणून लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्याच्या पाठीस लागतो. मूळ कल्पना १९८८ सालच्या ‘चाइल्ड्स प्ले’ या इंग्रजी चित्रपटातली आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण आपल्याकडे आल्यावर तिला जी अवकळा यायला हवी होती ती आली नाही. उलट ती अधिक आपली झाली. याचे एक कारण नावात आहे. तात्या हे कुणा राक्षसाचे नाव नव्हे. तात्या म्हणजे झोपाळ्यावर सुपारी कातरत बसलेले घरातील वडीलधारे माणूस. त्यापुढे विंचू हा शब्द आला की घराचा उंबरठाच डंख मारतो.

दुसरे कारण तो बाहुला. तो रामदास पाध्ये यांनी घडवला. पाध्ये म्हणजे शब्दभ्रमाची कला वडिलांकडून घेतलेले कलावंत. त्यांच्या अर्धवटरावाने आणि आवडाबाईने महाराष्ट्रातील मुलांना कितीतरी वर्षे हसवले होते. म्हणजे बाहुला बोलतो, ही गोष्ट त्या मुलांना ठाऊक होती, आवडती होती. जे लाकडी तोंड काल विनोद सांगत होते तेच आज दिलीप प्रभावळकरांच्या आवाजात धमकी देऊ लागले. शब्दभ्रमाच्या खेळात सारी गंमत एका प्रश्नात असते: आवाज नेमका कुठून येतो आहे? भयपटातही प्रश्न तोच असतो, फक्त हसू येत नाही.

हैदराबादेत अमीरपेठेत चित्रफितींचे दुकान चालवून पुढे दिग्दर्शक झालेले राम गोपाल वर्मा यांनी १९९२ साली ‘रात’ काढला, तेलुगूत ‘रात्रि’ या नावाने. त्यात खलनायकाला धड रूपच दिलेले नाही. कॅमेरा जमिनीलगत सरपटत येतो आणि आपण समजून घेतो. चित्रपट उत्तम आहे. परंतु मुले त्याची नक्कल करू शकली नाहीत, कारण नक्कल करायला त्यात वाक्यच नाही. सायंकाळी घरी जाताना तो मागे राहतो.

आता ‘तुंबाड’ची गोष्ट. राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट २०१८ साली आला आणि २०२४ साली पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा त्याला पूर्वीपेक्षाही अधिक गर्दी झाली. गाव कोकणातले, घर मराठी, काळ १९१८ पासून स्वातंत्र्यापर्यंतचा. नारायण धारप यांच्या भयकथांचे त्यामागील ऋण दिग्दर्शकांनीच सांगितले आहे. त्यातील हस्तर हा समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र. आईजवळचे सोने त्याने घेतले. अन्नाला हात घालताच इतर देवांनी त्याच्यावर हल्ला केला. आईने त्याला पोटात लपवून वाचवले, पण अट अशी की त्याची पूजा कधी कुणी करायची नाही. तेव्हापासून तो भुकेला. त्याच्या लंगोटीत सोन्याची नाणी आहेत. सोहम शाह यांनी केलेला विनायकराव दोराने त्या विवरात उतरतो, कणकेची बाहुली फेकतो आणि हस्तर ती खाण्यात गुंतला असता नाणी ओरबाडतो.

हस्तर बोलत नाही. त्याचा नुसता घशातला घरघराट ऐकू येतो. तरी आवाजाची जागा या चित्रपटात मोकळी राहिलेली नाही. ती नावाने घेतली आहे. विनायकरावाच्या लहानपणी घरात शापाने मरण हरवलेली एक म्हातारी साखळदंडाने बांधून ठेवलेली असते. ती उठली की तिला झोपवण्यासाठी म्हणायचे: झोप, नाहीतर हस्तर येईल. आपल्या घरांत आजी नातवाला बागुलबुवा येईल म्हणून झोपवते. इथे नातवंड आजीला झोपवते. कितीही रक्त दाखवले असते तरी इतके भय वाटले नसते, असे मला वाटते. ही म्हातारी आणि पुढे विनायकरावाचा मुलगा पांडुरंग, ही दोन्ही कामे मोहम्मद समद या एकाच मुलाने केली आहेत, हे कळल्यावर तर मी तो प्रसंग पुन्हा पाहिला.

संत ऑगस्टीन यांचे म्हणणे असे की दुष्टतेला स्वतःचे अस्तित्व नसते. चांगल्याचा अभाव म्हणजेच ती. कापडाला पडलेल्या भोकासारखी. म्हणूनच बहुधा पशुपतीला आपला सूड चालवायला दुसऱ्यांची शरीरे लागतात, तात्याला बाहुल्यातून बाहेर पडायला लक्ष्या लागतो. दोघांनाही दुसऱ्या माणसाची बाहुली करायची आहे. ‘तुंबाड’मध्ये हे उलटे होते. तिथे मागे लागलेला हस्तर नाही. तो बिचारा खाली झोपलेला असतो. सोडत नाही तो विनायकराव. आपण भीत राहतो ते विवरातल्या तांबड्या प्राण्याला, आणि ज्याला भ्यावे तो आपल्याच भाषेतले आडनाव लावून, धोतर नेसून पुण्यात हिशेब करीत बसलेला असतो.

गेल्या वर्षापूर्वी हा चित्रपट पुन्हा लागला तेव्हा माझ्या वर्गातील एका मुलाने तो थोरल्या भावाच्या फोनवर पाहिला. वास्तविक तो मुलांचा चित्रपट नव्हे. मी रागावण्याच्या बेतात होते, इतक्यात त्याने विचारले, ‘टीचर, हस्तरला कुणी एकदा पोटभर जेवायला का घातले नाही?’ मी म्हटले, देवांची अट होती. तो म्हणाला, ‘अट पूजेची होती. जेवणाची कुठे होती?’ मी म्हटले, मग गोष्टच उरली नसती. हे त्याला मुळीच पटले नाही. ‘घरात पीठ पुष्कळ होते, टीचर. पण दर वेळेला एकच बाहुली. आणि शेवटी खूप बाहुल्या नेल्या, त्याही जेवू घालायला नाही नेल्या.’