लोणारच्या वाटेवरची शिदोरी

दिवाळीचे वहीपूजन आटोपले, बाजारातील गर्दी ओसरली, की व्यापारी घरांतून दोन दिवसांच्या भटकंतीचे बेत ठरू लागतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे अशा भटकंतीस सर्वथा योग्य स्थान. मात्र डोंगर चढण्याच्या सवयीने तेथील पिशवी भरली तर हिशेब चुकतो; कारण लोणारला चढ आधी नसून शेवटी आहे.

उल्कापाताने काळ्या बसाल्ट खडकात निर्माण झालेले हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे आणि सुमारे 150 मीटर खोल आहे. सकाळच्या गारव्यात उतरणे सुखाचे वाटते. परतताना मात्र पंचेचाळीस मजल्यांचा जिना चढावा इतकी उंची समोर उभी राहते, तीही ऊन तापल्यावर आणि पाय थकल्यावर. म्हणून तयारी उतरण्याची नव्हे, चढून येण्याची करावयाची असते.

पहिला विचार पाण्याचा. तळाशी विस्तीर्ण सरोवर असले तरी त्याचे पाणी खारट व तीव्र अल्कधर्मी आहे. गाळून, उकळूनही ते पिण्याजोगे होत नाही. उकळल्याने क्षार जात नाहीत, उलट दाट होतात. प्रत्येकी दोन लिटर धरले तरी चौघांचे आठ किलो वजन होते. ते एकाच्या खांद्यावर न टाकता वाटून घ्यावे आणि प्रत्येकाने अर्धा लिटर पाणी चढासाठी राखून ठेवावे. पक्के पाणी घेणाऱ्या वडीलधाऱ्यांची अडचण होऊ नये. हिवाळ्यात उकाळलेल्या पाण्याचा काळ चार प्रहरांचा, म्हणजे सुमारे बारा तासांचा मानला जातो. पहाटे पाचला उकळून गार केलेले पाणी सायंकाळी पाचपर्यंत चालते.

शिदोरी कोरडी, हलकी आणि पोटभर असावी. खाकरे, सुखडी, भाजलेले शेंगदाणे, मुरमुऱ्यांचा चिवडा हे पदार्थ तिथीच्या दिवशीही चालतात. डिसेंबरच्या मध्यास येथे सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो. चौविहार पाळणाऱ्यांनी चार वाजेपर्यंत विवराबाहेर यावे, म्हणजे सायंकाळचे भोजन घाईचे होत नाही.

पायांत पक्क्या तळव्याचे कापडी बूट, अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, डोक्यावर टोपी. काटेरी झुडपांतून जाताना पूर्ण बाह्या उपयोगी पडतात. सरोवराची पातळी वर्षागणिक बदलते. म्हणून कमळजा देवीच्या मंदिराकडील काठाची वाट खुली आहे का, याची वनविभागाकडे आधी चौकशी करावी.

हा परिसर अभयारण्य आहे. 2020 मध्ये सरोवरास रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. येथे वानरे जवळ येतात आणि त्यांना बिस्किटे देणे ही जीवदया वाटते. प्रत्यक्षात रानातील जीवाला माणसाच्या हाताची सवय लावणे हे त्याचे अहित आहे. त्याच्या वाट्याचे फळ-पान रानात आहे, ते अबाधित ठेवणे हीच खरी दया. त्यामुळे डबे घट्ट झाकणाचे असावेत आणि रिकाम्या वेष्टनांसाठी एक कापडी पिशवी वेगळी ठेवावी. सरोवरात साबण, तेल वा निर्माल्य काहीही जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी वाशिम जिल्ह्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे दर्शन घेता येते. पूजेची वस्त्रे निराळ्या पिशवीत गाडीतच राहू द्यावीत.

निघण्याच्या आदल्या सायंकाळी भरलेली पिशवी खांद्यावर घेऊन प्रत्येकाने घराचा जिना दोन-तीनदा चढून पाहावा. तेथे जे ओझे वाटेल ते निःशंकपणे काढून ठेवावे. पाणी मात्र काढू नये.